नटक्रॅकरचे ॲनिमेशनपट आणि मावळातले मातीचे सैनिक

जर्मन लेखक ई. टी. ए. हॉफमान यांनी १८१६ मध्ये 'नटक्रॅकर आणि उंदरांचा राजा' ही कथा बर्लिनमध्ये प्रसिद्ध केली. नाताळच्या आदल्या रात्री जिवंत होणाऱ्या खेळण्यांच्या या कथेवर गेल्या ८० हून अधिक वर्षांत अमेरिका, सोव्हिएत रशिया, जपान, कॅनडा, जर्मनी अशा अनेक देशांत ॲनिमेशनपट निघाले, आणि त्यांतले बहुतेक सगळ्या कुटुंबाने एकत्र बसून पाहावेत या हेतूने केलेले आहेत. ॲनिमेशन म्हणजे चित्रे, बाहुल्या किंवा संगणकावर घडवलेल्या आकृती यांच्या किंचित बदलत जाणाऱ्या अवस्था एकामागून एक टिपून त्यांतून हालचालीचा भास निर्माण करण्याचे तंत्र. निर्जीवाला सजीव करणे हेच ज्या कलेचे मूळ काम, तिला ही कथा पुन्हा पुन्हा खुणावत राहिली यात आश्चर्य नाही. आश्चर्य याचे वाटते की, कथेतील जो भाग या कलेच्या सर्वांत जवळचा आहे, तोच बहुतेक चित्रपटांनी एक तर गाळला किंवा पुसट केला. तो भाग कोणता, तो का गळला आणि कोणी जपला, हे पाहणे हा या आढाव्याचा एक हेतू आहे. पुणे जिल्ह्यातील मावळ आणि लोणावळ्याच्या परिसरात मुले दर दिवाळीला मातीच्या सैनिकांची जी फौज उभी करतात, तिच्यातून असा चित्रपट मराठीत घडू शकेल काय, हे तपासणे हा दुसरा.

मूळ कथा आज फारशी वाचली जात नाही, म्हणून तिचा गाभा सांगणे आवश्यक आहे. वैद्यकीय अधिकारी श्टालबाउम यांच्या घरी नाताळच्या संध्याकाळी सात वर्षांच्या मारीला आणि तिचा भाऊ फ्रिट्झ याला भेटी मिळतात. घरचे स्नेही ड्रोसेलमायर हे न्यायाधीश असले तरी घड्याळे आणि यांत्रिक खेळणी बनवण्यात निष्णात आहेत, आणि ते मुलांसाठी चालत्या-फिरत्या आकृतींचा एक किल्लेवजा महाल घेऊन येतात. मुले थोडा वेळ तो कौतुकाने पाहतात. पण आतली माणसे त्याच वाटेने, त्याच चालीने पुन्हा पुन्हा फिरतात आणि सांगितले तरी दुसऱ्या दाराने बाहेर येत नाहीत, हे कळताच ती कंटाळतात. मारीचे मन जडते ते एका बेढब लाकडी बाहुल्यावर, ज्याचा शेपटीसारखा दांडा उचलला की जबडा उघडतो आणि त्यात ठेवलेले अक्रोड फुटते. फ्रिट्झ त्याच्या तोंडात मोठमोठी अक्रोडे कोंबतो, बाहुल्याचे दात निखळतात आणि मारी त्याचा जबडा आपल्या रिबिनीने बांधून त्याला कपाटात निजवते. मध्यरात्री सात डोकी असलेला उंदरांचा राजा सैन्यासह फरशीतून वर येतो, खेळण्यांची फौज त्याच्याशी लढते, बाहुला संकटात सापडलेला पाहून मारी आपली सपात फेकते आणि कपाटाच्या काचेने हात कापून बेशुद्ध पडते. पुढचे काही दिवस ती तापाने अंथरुणात असते आणि मोठी माणसे तिच्या बोलण्याला तापातला भ्रम मानतात.

याच आजारपणात ड्रोसेलमायर तिला एक गोष्ट सांगतात, आणि सगळ्या कथेची किल्ली या आतल्या गोष्टीत आहे. राजवाड्यातील मेजवानीच्या सॉसेजांसाठी ठेवलेली चरबी उंदरांची राणी आणि तिचे गणगोत खाऊन टाकतात. संतापलेला राजा सापळे लावून तिच्या मुलाबाळांना मारतो. सूड म्हणून राणी राजकन्या पिर्लिपाटला कुरूप करून टाकते. हा शाप उतरवायचा तर क्राकाटुक नावाचे अतिकठीण फळ अशा तरुणाने दातांनी फोडले पाहिजे, ज्याने कधी दाढी केलेली नाही आणि कधी बूट घातलेले नाहीत. गर राजकन्येला दिल्यावर त्याने डोळे मिटून सात पावले मागे जायचे आणि अडखळायचे नाही. ड्रोसेलमायरांच्या नात्यातला एक तरुण फळ फोडतो, राजकन्या सुंदर होते. पण सातव्या पावलाला उंदरांची राणी त्याच्या टाचेखाली येते, तो अडखळतो आणि शाप त्याच्यावर उलटतो. त्याचे डोके मोठे होते, जबडा पसरतो, आणि जिच्यासाठी त्याने हे केले ती राजकन्या त्याला हाकलून देते. मारीने ज्या बाहुल्याला रिबीन बांधली तो हाच तरुण. कथेच्या शेवटी मारी त्याला सांगते की पिर्लिपाटप्रमाणे आपण त्याला रूपासाठी झिडकारले नसते, आणि या शब्दांनीच शाप सुटतो. म्हणजे उंदरांचे वैर अकारण नाही, बाहुल्याची कुरूपता अकारण नाही आणि मुलीची माया ही दयेपोटी केलेली गंमत नाही. हॉफमान यांनी ही कथा आपले मित्र हिट्झिग यांच्या मुलांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिली होती, आणि पुढे ती मोठ्यांसाठीच्या संग्रहात घेताना ती मुलांना झेपेल का यावर पात्रांकरवी चर्चाही घडवून आणली. तो संशय पुढच्या प्रत्येक रूपांतरकाराला छळत राहिलेला दिसतो.

पहिली काटछाट चित्रपटांच्या पुष्कळ आधी झाली. फ्रेंच कादंबरीकार अलेक्झांडर द्यूमा यांनी १८४४ मध्ये कथा सौम्य करून पुन्हा सांगितली, आणि त्या आवृत्तीवरून सेंट पीटर्सबर्गच्या मारिन्स्की नाट्यगृहासाठी बॅले, म्हणजे संवादांऐवजी नृत्य आणि संगीतातून कथा मांडणारे नाट्य, रचण्यात आले. संगीत चायकोव्हस्की यांचे, आराखडा मारियुस पेतिपा यांचा, नृत्यरचना लेव इवानोव यांची. पहिला प्रयोग १८ डिसेंबर १८९२ रोजी झाला. क्राकाटुकची गोष्ट नाचून दाखवणे अवघड, म्हणून ती गेली. पूर्वार्धात घरातला सोहळा आणि लढाई, उत्तरार्धात मिठाईच्या राज्यातली नृत्यांची माळ एवढेच उरले. ज्या मुलीला हॉफमान मारी म्हणतात ती अनेक बॅलेप्रयोगांत क्लारा झाली, आणि मूळ कथेत क्लारा हे मारीच्या बाहुलीचे नाव आहे. न्यूयॉर्कमध्ये १९५४ साली जॉर्ज बॅलन्चिन यांनी केलेल्या प्रयोगापासून अमेरिकेत दर नाताळला हे बॅले करण्याची प्रथा दृढ झाली. परिणामी विसाव्या शतकातल्या बहुतेक चित्रपटकारांसमोर हॉफमान यांचे पुस्तक नव्हते. कानात चायकोव्हस्की होते, आणि संगीताच्या अवतीभवती कथा विणायची होती.

वॉल्ट डिस्ने यांच्या 'फँटसिया' (१९४०) या चित्रपटातला नटक्रॅकर-खंड याचे टोकाचे उदाहरण आहे. चायकोव्हस्की यांनी बॅलेतले निवडक तुकडे घेऊन मैफिलीसाठी जी संगीतमाला बांधली होती, तिच्यातील सुरुवातीचे दोन तुकडे वगळून उरलेल्या सहांवर हा खंड रचला आहे, आणि त्यात ना नाताळ आहे, ना खेळणी, ना अक्रोड फोडणारा बाहुला. पहाटेच्या दवापासून पानगळीपर्यंत आणि पुढे हिमकणांपर्यंत ऋतू बदलत जातात, पऱ्या पानांवर रंग चढवतात, आळंबी नाचते. 'चिनी नृत्या'तल्या आळंब्यांवर वंशविषयक साचेबंदपणाचा आक्षेप पुढे घेतला गेला आणि तो रास्त आहे. तरीही सेलेस्टा या वाद्याचे, म्हणजे ज्यात पट्ट्या दाबल्यावर हातोड्या धातूच्या पातींवर आदळतात त्या पेटीचे, स्वर आणि कोळ्याच्या जाळ्यावरचे दवबिंदू यांचा मेळ आजही चकित करतो. कथा सोडायचीच असेल तर ती पूर्णपणे सोडावी, हा या खंडाचा प्रामाणिकपणा नंतरच्या अनेक अर्धवट रूपांतरांत दिसत नाही.

सोव्हिएत दिग्दर्शक बोरिस स्तेपान्त्सेव यांनी १९७३ मध्ये सोयुझमुल्तफिल्म या संस्थेत केलेला सुमारे २७ मिनिटांचा चित्रपट या सगळ्या परंपरेतला सर्वांत सुंदर म्हणावा लागेल. त्यातली मुलगी श्रीमंत घराची लेक नाही, त्या घरात राबणारी मोलकरीण आहे. पाहुणे गेल्यावर उष्टे-पसारा आवरताना तिला टाकून दिलेला बाहुला सापडतो, आणि तो आपली शापाची कहाणी तिला सांगतो. सगळा चित्रपट संवादाविना, चायकोव्हस्की यांच्या संगीतावर चालतो. या एका बदलाने कथेचा तोल किती अचूक सावरला गेला हे पाहण्यासारखे आहे: जिच्याकडे कोणी पाहत नाही अशी मुलगी, ज्याला कोणी विचारत नाही अशा बाहुल्याला ओळखते, आणि आतली गोष्ट बॅलेच्या चौकटीतही परत येऊ शकते हे सिद्ध होते.

जपानमध्ये सॅनरिओ कंपनीने १९७९ साली ताकेओ नाकामुरा यांच्या दिग्दर्शनाखाली केलेला 'नटक्रॅकर फँटसी' हा स्टॉप-मोशन पद्धतीचा, म्हणजे खऱ्या बाहुल्या तसूतसूने हलवत एकेक चौकट टिपून केलेला चित्रपट आहे. रात्री जागणाऱ्या मुलांना उंदीर करणारा चिंध्यांतला माणूस यासारखी त्यात घातलेली भर कथेला फाटे फोडते आणि मध्यंतरीचा भाग विस्कळीत होतो. पण बाहुल्यांची कथा बाहुल्यांनीच सांगण्याचा निर्णय इतका योग्य आहे की तो विस्कळीतपणाही सोसावासा वाटतो; लाकडी चेहऱ्यावर छाया सरकली की जिवंतपणाचा जो क्षणिक भास होतो, तो रेखाटलेल्या चित्राला सहसा साधत नाही. २०१४ मध्ये सॅनरिओने सेबॅस्टियन मासुदा यांच्याकडून या चित्रपटाला नवे रूप देऊन तो पुन्हा प्रदर्शित केला.

हॉफमान यांच्याकडे खऱ्या अर्थाने परतलेला पूर्ण लांबीचा चित्रपट म्हणजे कॅनडातील लेसवुड प्रॉडक्शन्सचा 'द नटक्रॅकर प्रिन्स' (१९९०). पॉल शिब्ली यांनी दिग्दर्शित केलेल्या या हाताने रेखाटलेल्या चित्रपटात शापित तरुणाला किफर सदरलंड यांनी, क्लाराला मेगन फॉलोज यांनी आणि पँटलून या म्हाताऱ्या खेळण्यातल्या सैनिकाला पीटर ओटूल यांनी आवाज दिला. क्राकाटुकची गोष्ट यात विस्ताराने येते, आणि ती मुख्य चित्रपटापेक्षा निराळ्या, अतिशयोक्त, सपाट व्यंगचित्राच्या शैलीत काढलेली असल्याने गोष्टीतली गोष्ट लहान प्रेक्षकालाही डोळ्यांनीच कळते. चित्रपटातले उरलेले रेखाटन मध्यम दर्जाचे आहे, गाण्यांची भर उपरी वाटते आणि उंदरांचा राजा विनोदाकडे झुकल्याने त्याची भीती ओसरते. परंतु बाहुल्यांच्या राज्यात कायमचे राहायचे की मोठे होण्यासाठी घरी परतायचे, हा प्रश्न चित्रपट क्लारासमोर सरळ ठेवतो. मुलांच्या चित्रपटांत हे धाडस विरळा. १९९० च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत तो लागला तेव्हा डिस्नेचा नवा ॲनिमेशनपटही चित्रगृहांत होता, आणि 'द नटक्रॅकर प्रिन्स' तिकीटबारीवर चालला नाही. व्हिडिओ कॅसेटवर मात्र त्याला घरोघर दीर्घ आयुष्य मिळाले.

त्यानंतर संगणकीय ॲनिमेशन आले. 'बार्बी इन द नटक्रॅकर' (२००१) हा बार्बी बाहुलीवरचा पूर्ण लांबीचा पहिला संगणकीय चित्रपट. त्यात न्यूयॉर्क सिटी बॅलेच्या नर्तकांच्या हालचाली मोशन कॅप्चरने, म्हणजे अंगावर खुणा लावून प्रत्येक हालचाल संगणकात नोंदवण्याच्या तंत्राने, टिपल्या गेल्या, आणि नृत्यरचना पीटर मार्टिन्स यांची होती. नृत्ये देखणी आहेत, नायिका धीट आहे, आणि अनेक मुलींनी चायकोव्हस्की प्रथम ऐकला तो इथेच, याचे श्रेय या चित्रपटाला द्यावे लागेल. पण यातला लाकडी बाहुला पहिल्यापासूनच रुबाबदार आहे. कुरूपता नाही म्हणून तिच्यापलीकडे पाहणेही नाही, आणि बाहुली विकायच्या चित्रपटाला अडखळणारे खेळणे परवडत नाही, हे व्यापाराचे गणित कथेच्या मुळावर येते. जर्मन-रशियन सहकार्यातून २००४ मध्ये झालेला 'द नटक्रॅकर अँड द माउस किंग' आणि २००७ चा 'टॉम अँड जेरी : अ नटक्रॅकर टेल' यांचा उल्लेख पुरे आहे, दुसऱ्यात उंदीर नायक आणि मांजरे शत्रू अशी अदलाबदल असून, टॉम आणि जेरीचे एक जनक, डिसेंबर २००६ मध्ये निधन पावलेले जोसेफ बार्बेरा यांचा सहभाग असलेला तो या जोडीचा अखेरचा चित्रपट ठरला. मराठी मुलांना हे सारे चित्रपट भेटले ते प्रामुख्याने तबकड्यांवर आणि केबलच्या वाहिन्यांवर, इंग्रजीत किंवा हिंदीत.

या चित्रपटांची तुलना कोणत्या कसोटीवर करावी? संगीताशी निष्ठा, चित्रांचे सौंदर्य, मुलांना वाटणारी गंमत, या कसोट्या आहेतच. पण कथेने स्वतःच एक कसोटी देऊन ठेवली आहे. ड्रोसेलमायरांचा यांत्रिक महाल हलतो, पण जिवंत नाही. मारीचा बाहुला हलत नाही, तरी जिवंत आहे. हालचाल आणि प्राण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ॲनिमेशनच्या शोधाच्या कितीतरी आधी हॉफमान यांनी लिहून ठेवले. सफाईदार हालचालीला जो चित्रपट प्राण समजतो, तो त्या महालासारखाच दोन घटकांत कंटाळवाणा होतो. खेळण्याची मर्यादा, त्याचा न मिटणारा जबडा, न वाकणारा गुडघा, तुटलेला दात, जपूनही त्याच्याविषयी माया उत्पन्न करणे हेच खरे कौशल्य, आणि या कसोटीवर स्तेपान्त्सेव आणि नाकामुरा हे दोघे इतरांच्या पुढे जातात.

महाराष्ट्रात ॲनिमेशनची सुरुवात वस्तूला प्राण देण्यापासूनच झाली होती. दादासाहेब फाळके यांनी १९१५ मध्ये केलेल्या 'आगकाड्यांची मौज' या लघुपटात आगकाड्याच आकार घेत, मोडत आणि पुन्हा जुळत होत्या. १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्याला आलेल्या प्रभात फिल्म कंपनीने पुढच्याच वर्षी 'जंबू काका' हे व्यंगचित्रपटाचे पाऊल टाकले. फिल्म्स डिव्हिजनने १९५६ मध्ये मुंबईत व्यंगचित्र विभाग उभारला तेव्हा भारतात जन्मलेले आणि डिस्नेकडे काम केलेले क्लेअर वीक्स प्रशिक्षणासाठी आले. राम मोहन यांच्यासारखे कलावंत या विभागात तयार झाले आणि जातककथेवरचा 'द बनियन डीअर' (१९५७) तिथेच घडला. विजया मुळे यांच्या दिग्दर्शनाखाली १९७४ मध्ये भीमसेन यांच्या ॲनिमेशनने झालेली 'एक अनेक और एकता' ही छोटी फिल्म दूरदर्शनमुळे दोन पिढ्यांच्या तोंडी बसली. त्यानंतर पूर्ण लांबीच्या चित्रपटांनी वाट बदलली. राम मोहन आणि जपानी सहकाऱ्यांचा 'रामायण : द लीजेंड ऑफ प्रिन्स राम' (१९९२), व्ही. जी. सामंत यांचा 'हनुमान' (२००५), मराठीतला 'प्रभो शिवाजी राजा' (२०१८) या सर्वांनी देव आणि थोर पुरुष निवडले. त्यांचे महत्त्व निर्विवाद आहे. पण एखादे लहान मूल आणि त्याचे एखादे मोडके खेळणे हा विषय पूर्ण लांबीच्या ॲनिमेशनने जवळजवळ वाऱ्यावर सोडला. अपवाद शोधायचा तर लघुपटांकडे जावे लागते: गीतांजली राव यांनी एकहाती रेखाटलेल्या 'प्रिंटेड रेनबो' (२००६) मध्ये मुंबईतली एकाकी वृद्धा आणि तिची मांजर आगपेट्यांवरच्या चित्रांच्या जगात शिरतात, आणि कान महोत्सवाच्या समीक्षक-सप्ताहात या फिल्मचा गौरव झाला. परदेशी परीकथांचे मराठीला वावडे होते असेही नाही; सुमती पायगावकर यांनी हान्स अँडरसन यांच्या कथा मराठीत आणल्या आणि त्या वाचूनच अनेकांचे बालपण गेले.

जिवंत होणारी बाहुली मराठी माणसाला परकी नाही. ती पडद्याबाहेर, रंगमंचावर वावरली. यशवंत केशव पाध्ये यांनी घडवलेला आणि रामदास पाध्ये यांनी पुढे नेलेला अर्धवटराव हा शब्दभ्रमकाराचा बाहुला आहे. त्याच्या चेहऱ्याची हालचाल आतून चालवली जाते, आणि जबड्याच्या उघडझापीतून आवाज येत असल्याचा भास होतो. नटक्रॅकरचे आणि त्याचे यंत्र एकाच कुळातले. रामदास पाध्ये यांनीच घडवलेला तात्या विंचू हा बाहुला महेश कोठारे यांच्या 'झपाटलेला' (१९९३) मधून घराघरांत पोहोचला. मराठी चित्रपटातले सर्वांत गाजलेले सजीव खेळणे भीतीचे निघाले, मायेचे नाही, याची नोंद करून ठेवावी लागते. मायेची बाजू बालरंगभूमीने सांभाळली. आविष्कार संस्थेच्या चंद्रशालेने १९८२ पासून केलेले 'दुर्गा झाली गौरी' हे नृत्यनाट्य मुलांच्या एकामागून एक तुकड्यांनी उभे केले, जसे अमेरिकेतल्या गावोगावची मुले दर नाताळला नटक्रॅकर उभे करतात. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्या, सावंतवाडीची रंगीत लाकडी खेळणी आणि पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जतन केलेले नक्षीदार अडकित्ते हाही याच शोधातला ऐवज आहे. सुपारी कातरणाऱ्या साध्या अवजाला कारागिराने प्राण्या-पक्ष्यांचे आणि माणसांचे आकार द्यावेत, ही कल्पना जर्मनीतल्या झायफेन गावच्या अक्रोडफोड्या शिपायांच्या कल्पनेपासून फार लांब नाही.

मावळाचा प्रश्न इथे येतो. बोरघाटातला लोहमार्ग १८६३ मध्ये खुला झाल्यानंतर लोणावळा-खंडाळ्याला रेल्वेची वस्ती वाढली, चर्च आणि मिशनच्या शाळा आल्या, आणि नाताळचे तारे या गावांच्या डिसेंबरचा भाग झाले. त्यामुळे नाताळची कथा इथे पाहुणी म्हणून येत नाही. मात्र या भागातल्या बहुसंख्य मुलांचा खेळण्यांच्या फौजेशी पहिला संबंध येतो तो दिवाळीच्या किल्ल्यात. सहामाही परीक्षा संपली की अंगणात दगड, विटा आणि गोणपाट रचून त्यावर चिखल लिंपला जातो, उतारांवर हिरवळ उगवावी म्हणून हळीव किंवा मोहरी पेरली जाते, माथ्यावर सिंहासनाधिष्ठित शिवाजी महाराज, बुरुजांवर आणि पायऱ्यांवर साच्यातून काढलेले, कधी भाले तुटलेले मावळे, पायथ्याशी गुहेतला वाघ, थाळीतले तळे आणि भाजीवाली. इतर ठिकाणी मुले किल्ला पुस्तकातून पाहून करतात. मळवली, भाजे, तुंग किंवा तिकोनापेठेच्या मुलाला मान वर केली की खरा किल्ला दिसतो. त्यांतला लोहगड १६४८ मध्ये स्वराज्यात आला, १६६५ च्या पुरंदर तहात मोगलांकडे गेला आणि १६७० मध्ये परत घेतला गेला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतलेल्या मराठा सैनिकी स्थापत्याच्या १२ किल्ल्यांत त्याचा समावेश आहे. त्याची विंचुकाट्याची लांब सोंड अंगणातल्या किल्ल्यात चिखलाने काढणारे मूल नकाशाही शिकते आणि इतिहासही.

हॉफमान यांची कथा या अंगणात आणायची म्हणजे काय करायचे, याचा विचार नीट झाला पाहिजे. अक्रोडाऐवजी सुपारी, मिठाईच्या राज्याऐवजी चिक्कीचा डोंगर आणि क्लाराऐवजी एखादे मराठी नाव, अशी अदलाबदल म्हणजे रूपांतर नव्हे. ते वेषांतर होय. नेण्यासारखे आहे ते कथेचे यंत्र: मोडके खेळणे, त्याच्यावर जीव लावणारे मूल, रात्रीची लढाई, मोठ्यांचा अविश्वास आणि शत्रूचेही ऐकून घेणारी आतली गोष्ट. उंदराच्या बाबतीत तर मावळाची परिस्थिती मूळ कथेपेक्षाही समृद्ध आहे. इंद्रायणीच्या खोऱ्यात दिवाळीच्या सुमारास भाताची कापणी-झोडणी चालू असते आणि उंदीर हा कणगीचा खरा शत्रू असतो. त्याच घरात दोनच महिन्यांपूर्वी गणपतीच्या पायाशी बसलेल्या उंदराला हळदकुंकू लागलेले असते. त्याला निव्वळ खलनायक करणे मराठी मुलाला पटणारच नाही, आणि न पटणे हेच कथेच्या हिताचे आहे, कारण सापळ्यात गणगोत गमावलेल्या उंदरीण-राणीचे गाऱ्हाणे हॉफमान यांच्याही कथेत खोटे नव्हते. त्याचप्रमाणे छत्रपतींची मूर्ती माथ्यावर अचल राहावी आणि कथा पायरीवरच्या एखाद्या भाला तुटलेल्या, नाव नसलेल्या मावळ्याची व्हावी, हे औचित्याला धरून होईल आणि कथेलाही पोषक ठरेल. थोर पुरुषांचे चित्रपट पुष्कळ झाले, त्या निनावी शिपायाचा अजून व्हायचा आहे.

तंत्राच्या दृष्टीने अशा चित्रपटाला संगणकाचा थाट लागत नाही. सेकंदाला २४ चौकटी असल्या तरी स्टॉप-मोशनमध्ये प्रत्येक स्थिती दोनदा टिपण्याची रीत रूढ आहे, त्यामुळे सेकंदाला १२ आणि १० मिनिटांच्या फिल्मला ७,२०० स्थिती होतात. चिकाटी असलेल्या चार-पाच विद्यार्थ्यांच्या गटाला हे काम आवाक्याबाहेरचे नाही. साच्यातल्या मावळ्याचे सांधे हलत नाहीत ही अडचण नसून गुण आहे, कारण त्याला हलण्यासाठी टेकत, घसरत, उडी मारतच पुढे यावे लागेल आणि त्या अवघडलेल्या चालीतूनच तो मातीचा आहे हे प्रेक्षक क्षणभरही विसरणार नाही. खऱ्या मातीवर उगवणारी मोहरी तर फाळके यांनी १९१२ च्या सुमारास रोपाच्या वाढीवर केलेल्या प्रयोगाप्रमाणे ठरावीक अंतराने टिपता येईल, आणि किल्ल्यावरचे रान प्रेक्षकाच्या डोळ्यांदेखत उगवेल. संवाद जितके कमी तितके चांगले. स्तेपान्त्सेव यांचा चित्रपट भाषेविना जगभर पोहोचला, आणि मावळी बोलीतले मोजके शब्द आजीच्या तोंडच्या आतल्या गोष्टीसाठी राखून ठेवता येतील.

प्रभातच्या आवारात १९६० पासून चित्रपट शिकवणारी संस्था, १९६४ पासूनचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आणि ॲनिमेशन शिकवणारी अनेक महाविद्यालये पुण्यात आहेत, आणि तिथून मळवली लोकलने सहज गाठता येते. या संस्थांतल्या शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना आग्रहाची विनंती अशी की, चित्रपट पुढे यथावकाश होईल, पण येत्या दिवाळीत मावळातल्या अंगणांत जाऊन मुलांचे किल्ले, त्यांवरचे मावळे आणि त्यांच्याविषयी मुले सांगतात त्या गोष्टी नोंदवून ठेवाव्यात. बहुतेक घरांत तुळशीचे लग्न झाले की किल्ला मोडतात आणि सैनिक डब्यात जातात.